काजळीच्या हंगामात काळा रंग

आमच्या कॉलनीत एक नियम आहे. काजळी पुसायची नाही, फुंकायची.

कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाची चिपाडं बॉयलरमध्ये जळतात आणि त्यांची काजळी चिमणीतून उडून दिवसभर खाली येत राहते. पातळ, चपटी, तिळाएवढी. तिला बोट लावलं की काळी रेघ उमटते. फुंकलं की ती आली तशी निघून जाते. परगावचा पाहुणा लगेच ओळखू येतो, कारण तो शर्टावरची काजळी झटकतो. आम्ही बोलता बोलता खांद्यावर फू करतो आणि पुढचं वाक्य बोलतो. वर्गात बाई फळ्याकडे वळायच्या आणि चाळीस मुलं आपापल्या वहीवर फुंकर मारायची.

माझे वडील त्याच कारखान्यात बॉयलरवर आहेत. त्यामुळे आमच्या घरात काजळीला कुणी नावं ठेवत नाही. चार घरं पलीकडच्या काकू मात्र वाळत घातलेले कपडे काढताना मुद्दाम मोठ्यानं म्हणतात, "भाऊजी, आज जरा कमी पाठवा की!" वडील ओट्यावरून सांगतात, "वहिनी, चिमनी काय माझ्या बापाची हाय व्हय?"

मी छोट्या प्रतिकृती रंगवते. गाड्या, विमानं, एकदा एक ट्रॅक्टर. हाताच्या पंजाएवढी वस्तू, पण खरीसारखी दिसली पाहिजे. रंग ब्रशनं न देता एअरब्रशनं मारायचा असतो. पेनासारखी एक पिचकारी, तिला जोडलेला लहान कॉम्प्रेसर, आणि धुक्यासारखा बाहेर पडणारा रंग. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी तो आणला. आई त्याला "तुझं ते घुर्रघुर्र" म्हणते. या कामात खरा शत्रू एकच, धूळ. प्लास्टिक तिला ओढून घेतं. ओल्या रंगावर बसलेला कण तिथेच राहतो, आणि मोटारीच्या प्रमाणात पाहिलं तर तो कण बॉनेटवर पडलेल्या विटेएवढा असतो. धुळीपासून लांब राहायचं हे काम, आणि मी राहते चिमणीखाली.

त्या जानेवारीत मला पुण्याच्या एका प्रतिकृती बनवणाऱ्या स्टुडिओतून मेसेज आला. मी त्यांना माझ्या कामाचे फोटो पाठवले होते. तिथल्या मॅडमनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. आम्ही छोट्या मोटारीची कोरी बॉडी आणि रंग पाठवतो. चकचकीत काळा हवा. वरून पारदर्शक थर नको. सोमवारी अकरा वाजता घेऊन या. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की मुलाखत वगैरे नसेल, आम्ही फक्त हात बघतो.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेन, सांगता येणार नाही.

त्याआधी माझ्या तीन मुलाखती झाल्या होत्या. तिन्ही ठिकाणी मी गप्प बसले. लोकांना वाटतं इंग्रजी मीडियमची मुलगी, हिला काय अडचण. आमच्या शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला तर हसू व्हायचं. मी दोन्हीकडे कमी बोलायचं शिकले. मला उत्तरं येत असतात. प्रश्न संपतो, समोरचा माणूस वाट पाहतो, आणि मी त्याच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत बसते. तिसऱ्या मुलाखतीच्या आधी आईनं आनंदानं सगळ्या आळीला सांगितलं होतं. नंतर पंधरा दिवस मी पाणी भरायला गेले की कुणीतरी विचारायचं, "काय गं, आलं का कारखान्याबाहेरचं बोलावनं?" तेव्हा मी ठरवलं की यापुढे घरात काही सांगायचं नाही. पुण्याबद्दलही कुणाला बोलले नाही. सोमवारी मैत्रिणीकडे जाणार आहे, एवढंच सांगितलं.

बॉडी आली. मळकट राखाडी रंगाची, जुन्या घाटाची मोटार, लांब नाक असलेली. सोबत काळ्या रंगाची छोटी बाटली. रंग मोजकाच दिला होता, हेही बघायचं असणार. काळा का दिला, तेही मला कळलं. पांढऱ्यावर चूक लपते, राखाडीवर लपते. चकचकीत काळा म्हणजे आरसा. ट्यूबलाईटखाली धरला की त्यावर दिव्याची सरळ रेघ दिसते. कुठे एक कण असला की ती रेघ तिथे मोडते.

पहिला प्रयत्न मी बुधवारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत केला. दारं बंद, फटींना कागद. रंग मारून दहा मिनिटं झाली नाहीत तोच गाडीच्या छतावर दोन काजळ्या बसल्या. पत्र्याच्या पन्हाळीतून आल्या. मी रंग वाळू दिला, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरनं घासून काढला आणि खोली बदलली.

घरात वारा न येणारी एकच जागा होती, न्हाणीघर. तिथे रंग मारायचं तंत्र मी मोबाईलवर पाहून शिकले होते. पहाटे हीटरची कांडी टाकून दोन बादल्या पाणी उकळायचं, वाफ भरू द्यायची. वाफेचे थेंब हवेतली धूळ घेऊन खाली बसतात. मग कांडी काढायची, वाफ विरेपर्यंत थांबायचं, फरशी ओली ठेवायची. टॉवेल, पंचे, वाळत टाकलेलं सगळं बाहेर. अंगात सुती काही नको, सुताचे तंतू उडतात, म्हणून मी रेनकोट घालायची. केस ओल्या ओढणीत बांधलेले. तोंडावर मास्क. वरच्या झरोक्याला ओला नॅपकिन. पहिल्यांदा मला त्या अवतारात पाहून वडील म्हणाले, "न्हानीत पाऊस पडतोय काय?"

गुरुवारी तेही फसलं. दरवाजामागच्या दोरीवर वडिलांचा टॉवेल राहिला होता. त्याचा एक पांढरा तंतू काचेच्या चौकटीवर आडवा पडला. पुन्हा वाळवणं, पुन्हा घासणं. बाटलीत रंग निम्म्याखाली गेला.

शुक्रवारी आई म्हणाली, "होतं नव्हतं तेवढं सामान न्हानीतनं बाहेर काढलंस. नक्की काय चाललंय तुझं?"

"काही नाही. एक ऑर्डर आहे."

"कुनाची?"

"आहे एकाची."

ती परत भाकरीकडे वळली. वडील जेवत होते. ते म्हणाले, "मी भायेर नळावर करीन अंघोळ दोनचार दिवस. तिला करू दे." जानेवारीची थंडी होती. बॉयलरवरून आलेला माणूस म्हणजे कानात, पापण्यांत, बोटांच्या पेरांत काजळी. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही.

शनिवारी पहाटे मात्र जमलं. तीन पातळ थर, मध्ये वीस वीस मिनिटं. शेवटच्या थराला मी श्वास रोखून धरला होता. बॉडी एका उलट्या वाटीवर चिकटवलेली होती. ती फिरवत मी दिव्याची रेघ नाकापासून मागपर्यंत नेली. ती कुठेही मोडली नाही. मला माझा मास्क लावलेला चेहरा तिच्या दारावर दिसला. मी तिथेच ओल्या फरशीवर उकिडवी बसले. हसत होते बहुतेक.

रंग वाळायला दिवसभर लागतो, पॉलिश करण्याइतका पक्का व्हायला त्याहून जास्त. मी दार ओढून घेतलं, आईला म्हटलं, "आत कुणी जाऊ नका," आणि तालुक्याला, श्रीगोंद्याला गेले. पुण्याला न्यायला घट्ट झाकणाचा डबा हवा होता, ज्यात बॉडी हलणार नाही. आत कुणी जाऊ नका, एवढंच मी सांगितलं. का जायचं नाही, ते नाही.

तीनच्या सुमारास परतले. आई दारातच उभी होती, काम केल्याच्या समाधानात. "बरं झालं मी घरी होते. आज लई पडायला लागलीय काजळी. काकू वरडत होत्या भायेर. मी म्हनलं, बघावं तुझा झरोका. तर तो नॅपकिन वाळून खाली पडलेला, आन् काजळी थेट आत. तुझी गाडी उघडी. झाकली मी."

"कशानं?"

"माझी ती मऊ साडी हाय ना, जुनी. कुरडयांवरची."

आमच्या कॉलनीत उन्हाळी वाळवणं गाळप संपायच्या आत सुरू होतात. कुरडया, सांडगे, पापड, सगळं गच्चीवर, आणि वरून काजळी. म्हणून प्रत्येक घरात एक साडी वाळवणावर पांघरायला ठेवलेली असते. धुऊन धुऊन इतकी विरलेली की तिच्यातून ऊन जातं पण काजळी जात नाही. आईची साडी मोतिया रंगाची आहे. आमच्या घरात ओल्या वस्तूवर काजळी पडू नये म्हणून त्या साडीपेक्षा चांगलं काही कुणाला ठाऊकच नाही.

मी न्हाणीघराचं दार उघडलं. साडी दुहेरी घडी करून अलगद पांघरलेली होती, चारी बाजूंनी कडा नीट सोडून, झोपलेल्या बाळावर घालावी तशी. मी एक टोक धरून उचललं. ती छतावरून उठली नाही.

"वढू नको," मागून आई म्हणाली. "कुरडई चिकटली तर आपन मागनं पान्याचा हबका मारतो. सुटतीय मग. आनू का पानी?"

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. जी मुलगी मुलाखतीत तोंड उघडू शकत नाही, ती आईवर ओरडताना एकदाही अडली नाही. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला", "तुम्हाला काही कळत नाही", असलं. आईनं फक्त एकदाच विचारलं, "पर मी जाळीसारखी पातळच घातली होती ना?" मग ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

साडी सोडवल्यावर छतावर आणि बॉनेटवर तिचं विणकाम उमटलेलं दिसलं. उभे आडवे धागे, अगदी स्पष्ट. मोतिया तंतू रंगात रुतलेले. मी सुईनं ते एकेक काढायला लागले आणि थोड्या वेळानं थांबले. शेकड्यांनी होते.

वडील साडेचारला पाळी संपवून आले. नळावर जाण्याआधी ते ओट्यावर थांबले. माझ्या हातातली बॉडी लांबून बघितली. "काळ्यावर काळं कुठं दिसतंय," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून. मी ट्यूबलाईटखाली धरून दाखवलं. ते हात पाठीमागे घेऊन वाकले. मग म्हणाले, "घासून निगंल?"

"निघेल. पण रंग एकाच थरापुरता उरलाय."

"मग एकच मार."

संध्याकाळभर मी घासत बसले. रंग अजून मऊ होता, पेपरला चिकटत होता, गोळ्या होत होत्या. घासायचं, पाण्यात बुडवायचं, घासायचं. नखांच्या कडा काळ्या झाल्या. आईनं जेवायला हाक मारली नाही, ताट शेजारी आणून ठेवलं. मला तेव्हा सांगता आलं असतं. पुणे, मॅडम, सोमवार, फक्त हात बघतात. ताट ठेवताना ती क्षणभर वाकलेली होती, एवढ्या वेळात झालं असतं. मी पॉलिशपेपरची घडी बदलली.

रविवारी पहाटे पुन्हा वाफ, पुन्हा रेनकोट. झरोक्याचा नॅपकिन वाळून पडतो हे आता सगळ्यांना माहीत होतं, म्हणून वडील न सांगता बाहेर गेले. नळावर त्यांची अंघोळ झालेली होती. ते स्टुलावर चढले आणि ओली चादर दोन्ही हातांनी झरोक्यावर बाहेरून दाबून धरली. भिंतीपलीकडून मला त्यांचे दात वाजताना ऐकू येत होते.

"हंगामभर काजळी उडवतो," ते आईला म्हणत होते, "आन् आज धरून उभा ऱ्हायलोय."

"बोलू नका, तिचं चित्त जाईल," आई म्हणाली.

मी बाटली उलटी करून थेंबन् थेंब पिचकारीच्या भांड्यात घेतला. एकच थर. हात पुढे नेला की मागे आणायचा नाही, थांबायचं नाही, जिथे आधीचा पट्टा संपला तिथेच दुसरा सुरू करायचा. रंग नेमका मागची डिकी पुरी होताना संपला. पिचकारी फक्त हवा टाकायला लागली. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि बॉडी दिव्याकडे वळवली. रेघ सरळ होती. शनिवारपेक्षाही चांगली.

"झालं," मी म्हणाले. मास्कमधून, कुणाला ऐकू जावं असं नाही. पण आई दाराला लागूनच उभी होती.

"बघू?"

आदल्या दिवशीचं माझं सगळं बोलणं त्या एका शब्दात होतं. तिनं दार ढकललं नाही. वाट बघितली. मी दार वीतभर उघडलं. तिनं पदर तोंडावर धरला होता, श्वासानंही काही होऊ नये म्हणून. ती आत आली नाही, नुसती मान पुढे केली.

"आरशासारखी झालीय गं."

तेवढ्यात मला ती दिसली. आईच्या केसांवरून सुटली की वडिलांच्या चादरीवरून की दारातून आलेल्या हवेनं, ते माहीत नाही. एक काजळी, तिळापेक्षा लहान, अगदी सावकाश खाली आली. मी हात हलवला असता तर ती भिरभिरून कुठेतरी गेलीही असती. मी हललेच नाही. ती बॉनेटच्या बरोबर मध्ये बसली. ओल्या रंगावर फुंकर चालत नाही, बोट तर नाहीच. कॉलनीत जन्म घालवून जो एक नियम शिकले होते, तो तिथे उपयोगाचा नव्हता.

"चांगली झाली ना?" आईनं विचारलं.

"छान झालीय," मी म्हणाले आणि दार लावलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघाले. मांडीवर डबा. सगळा रस्ता मी वाक्यं तयार करत होते. आमच्याकडे हंगाम चालू आहे. घर चिमणीजवळ आहे. हा रंग आज संध्याकाळपर्यंत पक्का होईल, मग मी इथेच बसून अर्ध्या तासात हा कण घासून, पॉलिश करून काढून दाखवते. मराठीत तयार केलं, इंग्रजीतही केलं. शिरूर गेल्यावर दोन्ही पाठ होती.

स्टुडिओ पांढराशुभ्र होता. चपला बाहेर काढायच्या होत्या. काचेपलीकडच्या खोलीत दोन मुली अंगभर निळे कोट घालून रंग मारत होत्या, आणि त्यांच्या मागचा पंखा खोलीतली हवा गाळून बाहेर नेत होता. मॅडम वयानं आईएवढ्या होत्या, आवाजानं मऊ. त्यांनी हातमोजे घालून बॉडी उचलली आणि दिव्याखाली फिरवली. रेघ नाकावरून निघाली, बॉनेटच्या मध्यावर मोडली, पुढे सरळ गेली.

"रंग सुंदर बसलाय," त्या म्हणाल्या. मग बोटानं न शिवता दाखवलं. "हे काय आहे?"

त्या वाट पाहू लागल्या.

डोळ्यांसमोर वडील स्टुलावर उभे होते, आई तोंडावर पदर धरून होती, साडीचे शेकडो धागे होते. सगळं माझ्याकडे तयार होतं.

"धूळ," मी म्हणाले.

त्यांनी अजून थोडी वाट पाहिली. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांनी खरंच पाहिली. मग बॉडी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडेच ठेवा ही. आम्ही कळवू."

काम बोलेल, असं मी धरून चालले होते. कामही माझ्यासारखंच निघालं.

आठवड्यानं मेसेज आला, नम्र, इंग्रजीत, दोन ओळींचा. मी तो पुसून टाकला. घरात कुणाला काही सांगायचं नव्हतं, कारण कुणाला काही ठाऊकच नव्हतं. वडील त्या सोमवारपासून पुन्हा न्हाणीत अंघोळ करायला लागले. मैत्रीण बरी आहे का, असं आईनं एकदा विचारलं. बरी आहे, मी म्हटलं.

मार्चअखेर गाळप संपलं. चिमणी थंड झाली. दरवर्षी त्यानंतर दोनतीन दिवस कॉलनीतली माणसं उगाच वर बघत राहतात. आता एप्रिल आहे. हवा इतकी स्वच्छ की गच्चीवरून लांबचे डोंगर दिसतात. परवा आई उरलेल्या कुरडया घालत होती आणि मी तिच्याबरोबर चिकाचं पातेलं धरून होते. घालून झाल्यावर तिनं वरून ती मोतिया साडी पांघरली. एका जागी साडीवर काळ्या ठिपक्यांचा डाग आहे, बॉनेटच्या आकाराचा. धुऊन गेला नाही.

"आता कशाला झाकतेस?" मी विचारलं. "चिमणी बंद आहे."

"सवय," ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता, "आता तुझी गाडी रंगव की परत. आता कुठं हाय काजळी. न्हानीबी नको, हितंच गच्चीवर रंगव."

"रंग संपलाय, आई."

"मग मागव."

"कशासाठी?"

तिनं साडीचं टोक उचललं, काठावरच्या एका ओल्या कुरडईकडे वाकली आणि तिच्यावर फुंकर मारली. तिच्यावर काहीही नव्हतं.